बारावीनंतर नागपुरात कॉमर्स: अर्ज भरण्यापासून पहिल्या परीक्षेपर्यंत

दर जूनमध्ये आमच्या धंतोलीतल्या ऑफिसात कुणी ना कुणी पालक मुलाला घेऊन येतात. मागे कुही तालुक्यातून एक शेतकरी आले होते. पाणी पिऊन झाल्यावर मुलाकडे न बघताच म्हणाले, “याले सायन्स जमलं नाही जी. आता बीकॉमच करून राहिला.” त्या ‘च’वर मुलानं मान खाली घातली. ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते आहे.

मी उमरेडची. सकाळच्या एसटीनं येऊन-जाऊन बी.कॉम. केलं, आता जीएसटी आणि आयकराचं काम करते, आणि दरवर्षी दोन-तीन नवी मुलं हाताखाली घेते. त्यामुळे कॉमर्सची पदवी घेऊन आलेल्यांपैकी कोण टिकतं आणि कोण चाचपडतं, हे रोज बघते. त्या अनुभवातून हे लिहिलं आहे.

पहिली पायरी: दुपारचा विचार आधी करा

नागपुरातल्या बऱ्याच कॉलेजांत कॉमर्सचे वर्ग सकाळी भरतात. साडेसात-आठला तास सुरू होतात आणि बारा-साडेबारापर्यंत सुटी होते. इंजिनिअरिंगच्या, फार्मसीच्या मुलांना असा मोकळा वेळ मिळत नाही. तीन वर्षं रोज अर्धा दिवस तुमच्या हातात असतो, आणि माझ्या मते कॉमर्स घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. प्रॉस्पेक्टसमध्ये मात्र ते कुठंच छापलेलं नसतं.

म्हणून “कोणती पदवी चांगली?” हा प्रश्न मागे ठेवा. आधी घरी बसून ठरवा की दुपारी काय करायचं. कुणाला सीए व्हायचं असतं. कुणाचं इतवारीत किंवा गांधीबागेत घरचं दुकान असतं आणि दुपारी गल्ल्यावर बसावंच लागतं. कुणाला बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षांचा अभ्यास करायचा असतो. कुणाला घरखर्चाला हातभार म्हणून लगेच नोकरी हवी असते. या चौघांना एकच पदवी सोयीची पडेलच असं नाही.

दुसरी पायरी: तीन नावं नीट ओळखा

नागपूर विद्यापीठात कॉमर्सकडे वळणाऱ्यांसमोर प्रामुख्यानं तीन पाट्या येतात: बी.कॉम., बीबीए आणि बीसीसीए.

बी.कॉम. म्हणजे हिशेब, अर्थशास्त्र, व्यापारी कायदे, कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब), आयकर. इथे बी.कॉम. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांतून करता येतं, ही खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी मोठी सोय आहे. बारावी सायन्स किंवा आर्ट्स झालेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो, मात्र त्या वर्षीचे नियम कॉलेजात विचारून घ्या. सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) यांपैकी काही करायचं असेल, घरचं दुकान सांभाळायचं असेल किंवा स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतील, तर मी डोळे झाकून बी.कॉम. सांगते. फी कमी असते, वेळ मोकळा मिळतो, आणि जे विषय सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, तेच बऱ्याच अंशी पहिल्या वर्षाला.

बीबीए हा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. मार्केटिंग, मनुष्यबळ, वित्त, सोबत प्रेझेंटेशन आणि प्रोजेक्ट. तो इंग्रजीतूनच चालतो. पुढे एमबीए नक्की करायचं असेल आणि चारचौघांत उभं राहून बोलायची सवय हवी असेल, तर उत्तम. पण एक मोठा बदल लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए (संगणकाची पदवी), बीएमएस (व्यवस्थापनाचीच पदवी) हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आले आणि राज्याचा सीईटी सेल त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा घेऊ लागला. या परीक्षेत इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि संगणकाची प्राथमिक माहिती विचारतात. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. निकाल लागल्यावर “आता बीबीएला टाकू” म्हणून निघालेले पालक दरवर्षी हात हलवत परत येतात. जानेवारीपासून सीईटी सेलच्या संकेतस्थळावर नजर ठेवा.

बीसीसीए ही आपल्या विद्यापीठाची खास ओळखीची पदवी: कॉमर्स आणि संगणक दोन्ही. अकाउंट्ससोबत प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, ई-कॉमर्स. संगणकाची आवड आहे पण हिशेबही सुटू नयेत असं वाटणाऱ्या मुलांनी ती घ्यावी. दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. विदर्भाबाहेर हे नाव फारसं माहीत नसतं. पुण्या-मुंबईत अर्ज करताना पदवीचं पूर्ण नाव लिहा, नाहीतर समोरचा माणूस तिला बीसीए समजतो. आणि पुढे एमसीए करायचं मनात असेल तर अकरावी-बारावीत किंवा पदवीला गणित असण्याची अट तुम्हाला लागू होते का, ते आजच तपासा. तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

यांशिवाय वाठोड्याला सिम्बायोसिसचा कॅम्पस आहे. तिथल्या बीबीएसाठी त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि खर्चाचं गणितही वेगळं असतं. दिवसभर नोकरी करणं भागच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन्हींची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. तिथून केलेलं बी.कॉम. ही पूर्ण पदवीच आहे. ते सांगताना संकोच वाटू देऊ नका.

तिसरी पायरी: कॉलेज निवडताना तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: ही तुकडी अनुदानित (सरकारी अनुदानावर चालणारी) आहे की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, एकाच पदवीच्या दोन तुकड्या असू शकतात, आणि त्यांच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. बीबीए, बीसीसीए बहुतेक ठिकाणी विनाअनुदानितच असतात. काउंटरवर नुसतं “फी किती?” विचारू नका, “अनुदानित तुकडीत जागा आहे का, आणि माझ्या प्रवर्गाची यादी कधी लागणार?” असं विचारा. आणि हे मुलानं स्वतः विचारावं, पालकांनी मागे उभं राहावं.

दुसरा प्रश्न: कॉलेज संलग्नित आहे की स्वायत्त? स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. १९४५ पासून चालत आलेलं जी. एस. कॉमर्स कॉलेज स्वायत्त आहे. अशा ठिकाणी वेळापत्रक बहुधा नेमकं पाळलं जातं आणि निकालही लवकर लागतो. उलट, मित्र दुसऱ्या कॉलेजात असेल तर त्याच्या नोट्स तुम्हाला जशाच्या तशा चालणार नाहीत.

तिसरा प्रश्न अंतराचा. धनवटे नॅशनल कॉलेज काँग्रेसनगरला, हिस्लॉप सिव्हिल लाइन्सला, डॉ. आंबेडकर कॉलेज दीक्षाभूमीजवळ, मुलींसाठी एलएडी शंकरनगरकडे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात, आणि काँग्रेसनगर, शंकरनगर चौक, एलएडी चौक ही स्थानकं मार्गावरच आहेत. खापरी किंवा हिंगण्याच्या बाजूला राहणाऱ्यांना त्यामुळे खूप सोपं झालं आहे. साडेसातचा तास गाठायचा तर घरातून किती वाजता निघावं लागेल, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. मी तीन वर्षं पहाटे पाचला उठत होते. पहिल्या तासाला डोळे मिटायचे, आणि पहिला तास अकाउंट्सचा असायचा. आज निवडायची वेळ आली तर थोडं कमी नावाजलेलं पण जवळचं कॉलेज घेईन.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी एक सूचना. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून ते दोन जिल्हे नागपूर विद्यापीठात नाहीत. पहिलं वर्ष तिकडे करून दुसऱ्या वर्षाला इकडे यायचं म्हटलं की स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता, विषयांची जुळवाजुळव असा लांबलचक फेरा मागे लागतो. नागपुरात यायचंच असेल तर पहिल्या वर्षापासून या.

चौथी पायरी: कागदपत्रं, आणि तीही एप्रिलमध्येच

इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझं स्वतःचं एक वर्षाचं नुकसान इथे झालं. माझं नॉन-क्रीमिलेअर (राखीव प्रवर्गात असून उत्पन्न मर्यादेत असल्याचं) प्रमाणपत्र होतं, पण जुन्या आर्थिक वर्षाचं. काउंटरवरच्या माणसानं ते नुसतं बाजूला सरकवलं. नवं येईपर्यंत यादी बंद झाली, खुल्या जागेची पूर्ण फी भरावी लागली आणि त्या वर्षीची शिष्यवृत्तीही गेली. वडिलांनी त्यासाठी एक बैल विकला.

म्हणून नीट समजून घ्या. उत्पन्नाच्या दाखल्याची आणि नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. म्हणजे मार्चमध्ये खरं असलेलं प्रमाणपत्र जूनमध्ये जुनं झालेलं असू शकतं. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर अर्ज टाका. निकालानंतर तहसील कार्यालयात अशी रांग लागते की ४५ अंशांच्या उन्हात दोन-दोन चकरा होतात.

फाइलमध्ये हे असावं: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, फोटो. सीईटीतून बीबीएला जाणाऱ्या राखीव प्रवर्गातल्या मुलांना जात वैधता प्रमाणपत्रही लागतं आणि त्याला महिने लागतात. अकरावीतच अर्ज केलेला बरा. सीबीएसईची मुलं असतील तर स्थलांतर प्रमाणपत्र. नीट किंवा जेईईसाठी एक वर्ष घरी बसला असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स करा आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा करण्याआधी स्कॅन करून ठेवा, तो परत मिळायला वेळ लागतो.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते बघा. आधारवर वडिलांचं नाव वेगळं, गुणपत्रिकेवर वेगळं, बँकेत तिसरंच, असं हमखास निघतं. आणि विद्यापीठाचं नाव अर्जात पूर्ण लिहा: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. १९२३ साली ते ‘नागपूर विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं, २००५ मध्ये राष्ट्रसंतांचं नाव जोडलं गेलं. आई-वडिलांच्या पदवीवर जुनं नाव असेल, तुमच्यावर नवं येईल.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुसूचित जातींसाठी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगवेगळ्या योजना आहेत; खुल्या प्रवर्गात कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत जाऊन “खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलं आहे का?” असं विचारा. नुसतं आधार दिलेलं असणं पुरेसं नाही. अर्ज भरला की कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर त्याची प्रत द्या. तिथे तो पुढे सरकवला नाही तर तो तसाच पडून राहतो. दरवर्षी नूतनीकरणही तुम्हालाच करायचं असतं.

पाचवी पायरी: प्रवेशानंतरचा पहिला आठवडा

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाच्या तासांनुसार विषयाला ठरलेल्या श्रेयांकांची पद्धत आहे. वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांत १२० ते १३२. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी. मुख्य विषयासोबत मायनर (जोडविषय), दुसऱ्या शाखेतला खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा पेपर, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली असं बरंच काही निवडावं लागतं. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन बँकेतला तुमचा खाते क्रमांक लागतो. तो डिजिलॉकरवरून पाच मिनिटांत निघतो, मात्र नाव आधारप्रमाणेच हवं.

ऐच्छिक विषय मित्रानं घेतला म्हणून घेऊ नका. तुमच्या दुपारच्या कामाला उपयोगी पडेल असा घ्या.

पुस्तकांचं एक सांगते. बर्डीवर जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात; अर्थशास्त्र, व्यवस्थापन, सांख्यिकी खुशाल जुनी घ्या, फक्त नव्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा. कराची पुस्तकं मात्र अजिबात जुनी घेऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. जीएसटीतही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले. आधीच्या मुलाची वही कितीही सुंदर अक्षरातली असली तरी करापुरती बाजूला ठेवा.

सहावी पायरी: अकाउंट्सचे पहिले साठ दिवस

बारावी सायन्सहून आलेल्या मुलांनी हे दोनदा वाचावं. नावे आणि जमा हे पहिल्या दोन महिन्यांत पक्कं झालं नाही, तर पुढचं कॉस्टिंग, कंपनी अकाउंट्स, ऑडिट सगळं पाठांतर होऊन बसतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येतं का हे नंतर विचारते. आधी कागदावर एक नोंद लिहायला सांगते.

कळमन्यातल्या एका अडत्यानं २०,००० रुपयांची संत्री घेतली. १२,००० रोख दिले, ८,००० उधार. नोंद काय? खरेदी खातं नावे २०,०००. रोख खातं जमा १२,०००. बागायतदाराचं खातं जमा ८,०००. हमालीचे ४०० रुपये दिले तर ते कुठं जातील? संध्याकाळी ८,००० फेडले तर कुठलं खातं बंद होईल? असे प्रश्न स्वतःला विचारत रोज पाच नोंदी करा. उदाहरणं पुस्तकातून शोधायची गरज नाही. घरचा किराणा, मेसचा डबा, बापाची कापूसविक्री, सगळ्याची नोंद होते.

मराठी माध्यमातल्या मुलांनी वहीत दोन रकाने करावेत: एका बाजूला रोजकीर्द, खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद आणि समोर जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन, बॅलन्स शीट. परीक्षा खुशाल मराठीत द्या, पण ऑफिसात दुसरा रकाना बोलला जातो. तीन वर्षांत ही वही भरली की मुलाखतीत भाषेची भीती राहत नाही.

सातवी पायरी: उरलेला अर्धा दिवस

सीए करायचं असेल तर बारावीनंतर फाउंडेशन: अकाउंटिंग, व्यापारी कायदे, गणित-सांख्यिकी, अर्थशास्त्र, चार पेपर. प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. दुसरा रस्ता थेट प्रवेशाचा: बी.कॉम. ५५ टक्क्यांनी पूर्ण करून सरळ इंटरमिजिएटला, म्हणजे सीएच्या दुसऱ्या टप्प्याला. घरची परिस्थिती आणि स्वतःची तयारी बघून ठरवा. दुसऱ्या रस्त्यानं गेलेलेही तितकेच सीए असतात. सीएंच्या इन्स्टिट्यूटची नागपूर शाखा धंतोलीतच आहे, तिथे जाऊन स्वतः माहिती घ्या. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) आता २ वर्षांची आहे, आणि तिच्या वेळेत कॉलेजचे तास येता कामा नयेत. सकाळचं कॉलेज इथे कामी येतं.

सीए करायचं नसेल तर दुसऱ्या सत्रापासून एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा दुकानात दुपारी तीन तास बसा. पहिले काही महिने पैसे थोडेच मिळतील. पण आमच्या ऑफिसचा महिना कसा चालतो ते कळेल: ७ तारखेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० ला ३बी (महिन्याच्या जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). या तारखांच्या आधीच्या रात्री जो मुलगा बिलांची चळत लावून देतो, त्याचं नाव मी विसरत नाही. महागडे कोर्स लावण्याआधी हे करून बघा. “शंभर टक्के नोकरी”च्या पाटीखाली मोठी रक्कम भरून बसलेल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. टॅलीची बटणं दोघींनाही माहीत होती, खरेदीचा माल परत केला तर नोंद कशी करायची हे एकीलाही सांगता आलं नाही.

परीक्षा

आपल्याकडे हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन परीक्षा. अंतर्गत गुण हे फुकटचे नसतात. असाइनमेंट वेळेत द्या, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. एखादा विषय मागे राहिला तर घाबरू नका. त्याचा परीक्षा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो आणि त्याची तारीख कॉलेजच्या फलकावरच लागते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी फलक वाचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विसंबून अर्ज चुकवलेली मुलं मी पाहिली आहेत.

पहिल्या सत्राची गुणपत्रिका हातात आली की गुण बघण्याआधी आपलं नाव, आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात कॉलेजात दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत जोडा, आणि आपल्याकडच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.